इर्जिक सोडून कंत्राट

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही तुमच्यापुढें एका दूरच्या बेटाची हकीगत मांडणार आहों. बेटाचें नांव पोर्तो रिको. अमेरिकेच्या आग्नेयेस कॅरिबियन समुद्रांत तें आहे. आपल्यांतील कित्येकांनीं तें नांव आजच ऐकलें असेल, आणि "तिकडचें आम्हांस काय?" असें कोणी मनांत म्हणत असेल तर त्याचा आम्हांस राग नाहीं. पण विजेचा खांब पोर्तो रिकोंत पडो कीं श्रीवर्धनांत पडो, घरांतला अंधार सारखाच असतो. आणि तो खांब पुन्हा उभा करण्याचा पैसा ज्या कागदावरून निघतो त्या कागदाची जातही सारखीच असते. तो कागद कसा वाचावा एवढ्याचसाठीं ही हकीगत.

हें बेट सुमारें १०० मैल लांब व ३५ मैल रुंद. वस्ती २०१७ सालीं सुमारें ३३ लाख. १८९८ सालीं अमेरिकेनें तें स्पेनकडून घेतलें. १९१७ पासून तेथील लोक अमेरिकेचे नागरिक झाले. पण बेटावर राहणाऱ्यास अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकींत मत नाहीं, आणि वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिसभेंत त्यांचा जो एकुलता एक माणूस बसतो त्यास कायदा मंजूर होतांना मत देतां येत नाहीं. लढाईवर जावयास नागरिक आणि मत द्यावयास पाहुणे, अशी त्यांची स्थिति. ज्याचें मत नाहीं त्याच्या हांकेला ओ किती लवकर मिळते, हें तुम्हांस आम्ही सांगावयास नको.

बेटाची वीज एका सरकारी मंडळाच्या हातीं होती. हें मंडळ कर्जांत बुडालेलें होतें. कर्ज किती? सुमारें ९०० कोटी डॉलर! २०१७ च्या जुलै महिन्यांत, म्हणजे वादळाच्या आधींच, मंडळानें दिवाळ्याच्या कोर्टाचा दरवाजा ठोठावला होता. साऱ्या बेटावरच ७,००० कोटी डॉलरांहून अधिक कर्ज होतें, आणि खर्चाच्या किल्ल्या २०१६ च्या एका कायद्यानें वॉशिंग्टनहून नेमलेल्या पंचांच्या कमरेला गेल्या होत्या. सावकाराच्या दारीं उभ्या असलेल्या कुळाचें घर कसें असतें? कौल फुटला तर बदलावयाचा नाहीं, भिंत खचली तर टेकू देऊन भागवावयाचें. तसेंच मंडळाचें झालें. तारांवर वेली चढल्या, त्या कोणीं काढल्या नाहींत. खांब गंजले, ते कोणीं बदलले नाहींत. जाणते लाईनमन निवृत्त झाले किंवा पोट भरण्यास अमेरिकेंत गेले, त्यांच्या जागा भरल्या नाहींत. शिवाय वीज पिकते बहुतेक बेटाच्या दक्षिणेस आणि लागते उत्तरेस, राजधानी सान हुआनकडे, मध्यें डोंगर. म्हणजे मोठ्या तारा डोंगरांच्या माथ्यावरून गेलेल्या. अशा २,४०० मैलांच्या मोठ्या तारा, आणि घरोघर नेणाऱ्या सुमारें ३०,००० मैलांच्या.

२०१७ च्या सप्टेंबरांत प्रथम इर्मा नांवाचें वादळ उत्तरेकडून घसटून गेलें. त्यानें दहा लाखांहून अधिक लोकांची वीज घालविली. तें सांवरतें न सांवरतें तोंच २० सप्टेंबर २०१७ रोजीं मारिया नांवाचें दुसरें वादळ थेट बेटावर चढलें. ताशीं १५५ मैलांचा वारा. आग्नेय टोंकाला याबुकोआ गांवाजवळ तें जमिनीवर आलें आणि सारें बेट आडवें कापून पलीकडे निघून गेलें. त्या दिवशीं साऱ्या बेटांत विजेवर एक दिवाही जळत नव्हता. एका तालुक्यांत नाहीं, एका जिल्ह्यांत नाहीं, सगळ्या बेटांत.

आतां येथून आमचा खरा विषय सुरू होतो. घर पडलें, तर पुन्हा उभें करण्याच्या दोन वाटा असतात. एक वाट तुम्हां शेतकऱ्यांच्या बापजाद्यांची आहे. पाऊस लांबला, वाफसा थोडा, आणि एखाद्या कुणब्याच्या घरीं बैल मेला किंवा माणूस अंथरुणाला खिळला, तर गांव काय करीत असे? इर्जिक घालीत असे. ज्याचा त्याचा नांगर, ज्याची त्याची बैलजोडी, दहा-वीस औतें एका रानांत उतरत आणि दिवस मावळायच्या आंत सारें रान पालथें होई. घरधन्यानें काय द्यावयाचें? पोटभर जेवण, बैलांना वैरण, आणि उद्यां दुसऱ्यावर वेळ आली तर आपण जावयाचें, एवढा शब्द. सुतार-लोहार मंडळीही त्या दिवशीं फाळ लावून देण्यास बांधावर येऊन बसत.

तुम्हांस नवल वाटेल, पण यंत्रांच्या अमेरिकेंतही विजेच्या कामांत हीच इर्जिक चालते. वादळ आलें कीं ज्या राज्यांत दिवे शाबूत आहेत तेथील विजेच्या कंपन्या व नगरपालिकांचीं वीजखातीं आपले लाईनमन, आपल्या शिडीच्या मोटारी, आपलीं हत्यारें घेऊन पडलेल्या घरीं जातात. करार आधींच लिहून ठेवलेले असतात. यजमानानें त्यांचा खरा पगार, जेवणखाण, राहणें आणि वाटखर्च द्यावयाचा. त्यावर नफा नाहीं. इर्मानें त्याच सप्टेंबरांत फ्लॉरिडा राज्यांत ६० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालविली होती; तेथें देशभरांतून माणसें धांवलीं आणि दहा-बारा दिवसांत बहुतेक घरांत दिवे लागले.

पोर्तो रिकोच्या मंडळानें मात्र ही इर्जिक वेळेवर घातली नाहीं. सार्वजनिक वीजसंस्थांच्या संघाकडे त्यांनीं रीतसर मागणी केली ती ३१ ऑक्टोबर २०१७ रोजीं. वादळ होऊन ४१ दिवस गेले होते! असें कां झालें? अधिकाऱ्यांनीं कारणें पुष्कळ दिलीं. पण त्यांच्या मुळाशीं एक गोष्ट होती, ती तुम्हां कर्जबाजारी माणसांस चटकन कळेल. इर्जिक घालावयाची तर वीस माणसांच्या जेवणाचा शिधा घरांत लागतो. ज्याच्या कणगींत दाणा नाहीं तो इर्जिकीचें आमंत्रण द्यावयास लाजतो, आणि "आतां कांहीं देऊं नका, मी बघतों सगळें" म्हणणारा कोणी दारांत आला कीं त्याच्या कागदावर अंगठा उठवितो. दारांत येणारा हा गृहस्थ कधींच फुकट येत नाहीं.

पोर्तो रिकोच्या दारांत जी कंपनी आली तिचें नांव व्हाइटफिश एनर्जी. माँटाना राज्यांतील व्हाइटफिश नांवाच्या लहानशा डोंगरी गांवची ही कंपनी. वय अवघें दोन वर्षें. मारिया वादळ आलें त्या दिवशीं तिच्या पदरीं कायमचे नोकर किती होते? दोन. आम्ही चुकून शून्य खाल्लें असें समजूं नका, दोनच. तोंपर्यंत तिला मिळालेलें मोठें सरकारी काम म्हणजे अ‍ॅरिझोनांतील पांचएक मैलांची तार, सुमारें १३ लाख डॉलरांची. अशा कंपनीस जाहीर निविदा न काढतां मंडळानें ३० कोटी डॉलरांपर्यंतचें काम दिलें. त्या वेळच्या भावानें आपल्या रुपयांत सुमारें दोन हजार कोटी. एक वितीची डोणी समुद्रांत लोटावी आणि सारा गांव तींत बसवावा, तसला हा प्रकार.

मंडळाचे मुख्याधिकारी रिकार्दो रामोस यांचें म्हणणें असें होतें कीं ही कंपनी लवकर येण्यास तयार होती आणि मोठी आगाऊ रक्कम मागत नव्हती. यांत कांहीं तथ्य असेल. कंपनीनें इकडून तिकडून माणसें जमविलीं हेंही खरें. ऑक्टोबरच्या अखेरीस तिचे सुमारें ३५० लोक बेटावर काम करीत होते. त्यांतले लाईनमन हेलिकॉप्टरांतून डोंगराच्या माथ्यावर उतरून जीव धोक्यांत घालीत होते. त्या गड्यांविषयीं आमच्या तोंडून एक वांकडा शब्द निघावयाचा नाहीं. खांबावर चढणारा आणि कागदावर चढणारा यांत आम्ही नेहमीं फरक करतों, तुम्हीही करावा.

तर आतां तो कागदच उघडूं.

१७ ऑक्टोबर २०१७ च्या त्या करारांत दरांचें एक पान होतें. उपकंत्राटदाराकडून आणलेल्या लाईनमनाचा दर ताशीं ३१९ डॉलर व ४ सेंट. त्यांच्यावरच्या मुकादमाचा दर ताशीं ४६२ डॉलर. प्रत्येक माणसाच्या मुक्कामाचे रात्रीं ३३२ डॉलर. जेवणाचे दिवसाला सुमारें ८० डॉलर. विमानानें एका बाजूस जाण्याचे १,००० डॉलर. ताशीं ३१९ डॉलर म्हणजे त्या वेळचे सुमारें वीस हजार रुपये. एका तासाचे! आमच्याकडील कंत्राटी वायरमनास हा आंकडा सांगितला तर तो खांबावरून खालीं पडेल.

पण थांबा, अमेरिकेंतील लाईनमनाची मजुरी मोठी असते, जोखीमही मोठी, असें कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणूनच पुढची गोष्ट ऐका. हे ३१९ डॉलर त्या लाईनमनाच्या हातीं पडत होते काय? न्यूयॉर्क टाइम्स पत्रानें नोव्हेंबर २०१७ मध्यें हा हिशेब बाहेर काढला. फ्लॉरिडांतील लेकलँड नांवाच्या शहराच्या सार्वजनिक वीजखात्याचे जाणते लाईनमन त्या बेटावर काम करीत होते. त्यांस मिळत होते ताशीं ६३ डॉलर. मंडळाच्या नांवें बिल फाटत होतें ताशीं ३१९ डॉलरांचें. मधले २५६ डॉलर कोठें राहिले? कंपनीचें उत्तर असें कीं हत्यारें, विमा, वाहतूक, व्यवस्था यांचा खर्च त्यांत धरलेला आहे. असेल. पण मुक्काम वेगळा, जेवण वेगळें, विमान वेगळें लावूनही मजुराच्या हातीं पडणाऱ्या मजुरीच्या चौपट रक्कम मधल्यामध्यें राहते, तेव्हां तो खर्च एकेक कलम लावून दाखवा असें विचारण्याचा हक्क पैसे देणाऱ्यास आहे कीं नाहीं?

आणि या गोष्टींतली मेख तुमच्या ध्यानांत आली काय? हे लेकलँडचे लाईनमन म्हणजे कोण? हे तेच शेजारी, जे इर्जिकीला आले असते! सार्वजनिक खात्याचे, पगारी, ज्यांच्यासाठीं खरा पगार व जेवण एवढेंच द्यावें लागलें असतें. ते आलेच, पण मधल्या मुकादमाच्या हाताखालून आले. माणसें तींच, खांब तेच, तारा त्याच. बदलली ती फक्त वाट, आणि त्या वाटेवर नाका बसला. बाजारांत शेतकऱ्याचा माल आणि गिऱ्हाईक समोरासमोर असतांना मध्यें अडत्या रुमालाखालीं हात घालून बसतो, तो देखावा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें अमेरिकेचें अर्थशास्त्र समजावून सांगण्याची गरज नाहीं.

"हिशेब विचारण्याचा हक्क" असें आम्ही आतांच म्हणालों. त्याविषयीं त्या करारांत काय लिहिलें होतें तें ऐका, कारण आमच्या मतें साऱ्या प्रकरणांत दरांपेक्षांही हें कलम अधिक घातक आहे. मजुरीच्या दरांत खरा खर्च किती आणि नफा किती, याची तपासणी करण्याचा हक्क मंडळास, बेटाच्या सरकारास, अमेरिकेच्या मुख्य हिशेबतपासनिसास किंवा अमेरिकेच्या आपत्तिनिवारण खात्यास कोणत्याही परिस्थितींत असणार नाहीं, अशा अर्थाचें कलम त्यांत घातलेलें होतें. पैसा रयतेचा, खांब रयतेचा, अंधार रयतेचा, आणि वही मात्र बंद! वाण्याच्या दुकानांतलें अडाण्याचें खातेंसुद्धां दिवाळींत एकदां उघडून वाचून दाखवितात. येथें दोन हजार कोटींचें खातें उघडावयाचेंच नाहीं असें आधींच लिहून घेतलें. वादळाच्या धांदलींत दर चढे लागले हें एक वेळ समजूं शकतें. पण तपासूं नका हें वाक्य वारा लिहीत नाहीं, तें शांत डोक्यानें लिहावें लागतें.

शिवाय या कराराचा मसुदा अमेरिकेच्या आपत्तिनिवारण खात्यानें पाहून मंजूर केला आहे, असेंही त्यांत लिहिलें होतें. खात्यानें ऑक्टोबरच्या अखेरीस जाहीर केलें कीं आम्हीं असली कांहीं मंजुरी दिलेली नाहीं, दर वाजवी आहेत याची आमची खात्री पटलेली नाहीं. आमच्या गांवांत तलाठ्याची खोटी सही दाखविली तर तुरुंगाची हवा खावी लागते.

त्यांत भर पडली ती ओळखीपाळखीची. व्हाइटफिश हें गांव अमेरिकेचे त्या वेळचे अंतर्गत खात्याचे मंत्री रायन झिंकी यांचें गांव. कंपनीचे प्रमुख व मंत्री यांची ओळख होती. मंत्र्यांच्या मुलानें एका उन्हाळ्यांत कंपनीच्या प्रमुखाच्या बांधकामावर काम केलें होतें. कंपनीस भांडवल पुरविणारांतील एक प्रमुख गृहस्थ त्या वेळच्या अध्यक्षांच्या निवडणुकीस देणगी देणारांपैकीं. मंत्र्यांनीं या कंत्राटाशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें साफ सांगितलें, आणि तो संबंध सिद्ध झालेला नाहीं. म्हणून आम्हीही तसें म्हणत नाहीं. ओळख असणें हा गुन्हा नव्हे. लहान गांवांत सारेच एकमेकांस ओळखतात. पण जाहीर निविदा निघाली असती, वही उघडी ठेवली असती, तर ही ओळख कोणाच्या ध्यानींमनींही आली नसती. दार लावून घेतल्यावर आंत कोण कोण होतें हें लोक विचारणारच.

सान हुआन शहराच्या महापौर कार्मेन युलीन क्रूझ या बाईंनीं हें कंत्राट रद्द करा, चौकशी करा, असें जाहीर सांगितलें. तेव्हां कंपनीनें त्यांस चारचौघांत उलट सवाल केला, कीं तुमच्या शहरांत आमचे ४४ लाईनमन काम करीत आहेत, आणखी ४० आले आहेत. त्यांस परत पाठवूं कीं काम करूं देतां? अंधारांत बसलेल्या शहराला दिव्याची धमकी! ओरड झाली तेव्हां कंपनीनें माफी मागितली. पण कंत्राट एकाच्याच हातीं गेलें म्हणजे यजमानाचा चाकर कसा होतो, हें त्या एका प्रश्नांत उघडें पडलें.

२९ ऑक्टोबर २०१७ रोजीं बेटाचे गव्हर्नर रिकार्दो रोसेयो यांनीं कंत्राट रद्द करण्यास सांगितलें. ९ नोव्हेंबरला याच कंपनीनें दुरुस्त केलेली उत्तरेकडील एक मोठी लाईन बंद पडली आणि सान हुआन शहर पुन्हा अंधारांत गेलें. १७ नोव्हेंबरला रामोस यांनीं राजीनामा दिला. २० नोव्हेंबरला कंपनीनें ८ कोटी ३० लाख डॉलर थकले म्हणून काम थांबविलें. जुलै २०२० मध्यें अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या तपासनिसानें निकाल दिला कीं व्हाइटफिशचें कंत्राट, आणि कोब्रा नांवाच्या दुसऱ्या कंपनीचें कंत्राट, हीं दोन्ही नियमांस पुरतीं धरून नव्हतीं.

ही कोब्रा कोण? व्हाइटफिशचा गलबला चालू असतांना हीही ऑक्टोबर २०१७ मध्यें आंत आली, २० कोटी डॉलरांच्या कामावर. तें काम वाढत वाढत पुढें दोन कंत्राटें मिळून १८० कोटी डॉलरांवर गेलें. सप्टेंबर २०१९ मध्यें त्या कंपनीचा अध्यक्ष आणि बेटावरील विजेचें काम पाहणारी आपत्तिनिवारण खात्याची एक वरिष्ठ अधिकारी, या दोघांस लांचलुचपतीच्या आरोपावरून अटक झाली. साऱ्या जगाचे डोळे लहान चोराकडे लागलेले असतात तेव्हां मोठ्या गाडीला वाट मोकळी मिळते, असें आमच्यांतील म्हातारीं माणसें सांगतात तें उगीच नव्हे.

इकडे बेटावर काय चाललें होतें? खांब नाहींत, तारा नाहींत म्हणून महिनेच्या महिने खोळंबा. आणि ६ जानेवारी २०१८ रोजीं अमेरिकन अधिकारी हत्यारबंद पहाऱ्यासह पालो सेको येथील मंडळाच्याच गुदामांत शिरले, तर तेथें दुरुस्तीचें सामान पडून असलेलें सांपडलें! डोंगरांतल्या शेवटच्या घरांत दिवा लागेपर्यंत २०१८ चा ऑगस्ट महिना उजाडला. जवळजवळ अकरा महिने. अमेरिकेच्या इतिहासांत इतका लांब अंधार दुसरा झाला नाहीं.

बंधूंनो, अंधार म्हणजे नुसती गैरसोय असें समजूं नका. दमेकऱ्याचें प्राणवायूचें यंत्र विजेवर. मूत्रपिंडाच्या रोग्याचें रक्त धुणारें यंत्र विजेवर. मधुमेह्याच्या औषधाचा थंडावा विजेवर. डोंगरांतल्या गांवाच्या पाण्याचा पंप विजेवर. प्रथम सरकारनें सांगितलें कीं वादळांत ६४ माणसें मेलीं. लोकांना हें पटेना, कारण गांवोगांवच्या मसणवटींत त्यांनीं स्वतः माती लोटली होती. पुढें सरकारनेंच जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाकडून गणती करविली. ऑगस्ट २०१८ मध्यें ती प्रसिद्ध झाली: सप्टेंबर २०१७ पासून फेब्रुवारी २०१८ अखेर नेहमींपेक्षां २,९७५ माणसें अधिक मेलीं. हाच आंकडा मग सरकारनें मान्य केला. त्या गणतींत आणखी असें दिसलें कीं मरणाचा धोका सर्वांत जास्त राहिला तो गरीब वस्त्यांत आणि पांसष्टीच्या पुढच्या पुरुषांत. वादळ गरीब-श्रीमंत पाहत नाहीं म्हणतात. वादळ नसेल पाहत. त्याच्या मागून येणारे महिने पाहतात.

ही सारी हकीगत काळीच आहे असें मात्र नाहीं. बेटाच्या वायव्येस सान सेबास्तियान म्हणून गांव आहे. तेथील नगराध्यक्षानें वाट पाहण्याचें सोडून दिलें. मंडळांतून निवृत्त झालेले लाईनमन, नगरपालिकेचे कामगार, गांवांतले वीजकाम जाणणारे कारागीर यांस त्यानें एकत्र केलें, आणि या मंडळींनीं पडके खांब उचलून, तारा जोडून हजारांहून अधिक घरांत वीज नेली. मंडळ कुरकुरलें, पण लागलेले दिवे विझविण्याची त्याची छाती झाली नाहीं. डोंगरांतल्या अधुंतास गांवीं कासा पुएब्लो या लोकसंस्थेच्या घरावर सूर्यावर चालणारे विजेचे तवे आधींपासूनच होते; वादळानंतर साऱ्या गांवांत अंधार असतां तेथें दिवा होता, आणि आजारी माणसांचीं यंत्रें चालविण्यास, फोन भरून नेण्यास लोक तेथें येत. या लोकांजवळ ३० कोटी डॉलर नव्हते. ज्या माणसानें उभ्या जन्मांत खांब चढला त्याचें ज्ञान होतें, आणि त्याला हांक मारण्याची कोणाला तरी बुद्धि झाली. आमच्या मतें या हकीगतींतले खरे इंजिनेर हेच.

आतां थोडें आपल्याकडचें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यांत श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस किनाऱ्यावर चढलें. नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, विजेचे खांब हजारांनीं मोडले, आणि कित्येक गांवांस आठवडेच्या आठवडे अंधारांत काढावे लागले. दुसऱ्या जिल्ह्यांतून महावितरणचे लोक आले, ठेकेदारांचीं माणसें आलीं, गांवकऱ्यांनीं खांब वाहून नेण्यास खांदा दिला. म्हणजे इर्जिकही झाली आणि कंत्राटही झालें. पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, तौक्ते वादळ आलें. अशा वेळीं कोणत्या कामाला काय दर लागला, निविदा काढून लागला कीं घाईच्या नांवाखालीं लागला, खांबावर चढलेल्या पोराच्या हातीं त्यांतलें किती पडलें, हें तुमच्यापैकीं किती जणांनीं विचारलें? कोणी चोरी केली असें आम्ही म्हणत नाहीं. वही पाहिल्याशिवाय चोर म्हणणें हें पाप, तसेंच वही न पाहतां साव म्हणणें हाही मूर्खपणा. आणि वही पाहण्याचा हक्क आपणांस आहे. पोर्तो रिकोच्या रयतेस तें पान एका वर्तमानपत्रानें उघडून दाखवावें लागलें. आपणांस २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें दहा रुपयांत तें मागतां येतें, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें.

कोणी म्हणेल, वादळ आल्यावर पाहूं. वादळ आल्यावर जो तो घाईंत असतो, आणि घाईच्या वेळीं लिहिलेल्या कागदाची गत आम्हीं आतां सांगितलीच. खांब, तारा, डी. पी. यांचा सांठा गुदामांत किती आहे. आणीबाणीच्या कामाचे दर आधीं ठरविले आहेत काय, ते कोणाबरोबर. शेजारच्या विभागांतून माणसें आणण्याची व्यवस्था लिहून ठेवली आहे काय. कंत्राटी कामगाराचा विमा आहे काय, त्यास मजुरी किती. आणि हिशेबतपासणीचें कलम करारांत आहे काय, असे पांच प्रश्न आम्हीं एका अर्जांत लिहून आणले आहेत. अर्ज आपल्या भागाच्या वीज कचेरीच्या माहिती अधिकाऱ्याच्या नांवें आहे, दहा रुपयांचें कोर्ट फी तिकीट लावलेलें आहे. कायद्याप्रमाणें एका नागरिकाची सही पुरते. पण प्रत्येक वाडीनें आपला एक अर्ज निराळा द्यावा असें आम्हांस वाटतें, म्हणून बारा नकला केल्या आहेत. गांवांतल्या ज्या पोरांनीं आय. टी. आय. मध्यें वीजकाम शिकलेलें आहे, आणि जे लाईनमन निवृत्त होऊन घरीं बसले आहेत, त्यांचीं नांवें लिहिण्यास एक वहीही टेबलावर ठेवली आहे. सभा संपल्यावर कोणीं लगेच उठूं नये. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांस अर्ज मोठ्यानें वाचून दाखविला जाईल, मगच अंगठा घेतला जाईल.